सागर आणि वातावरण यांच्यामधील उष्णतेचा व्यवहार

वातावरण तापते ते बहुतांशी खालून. सूर्याचा जो प्रकाश पृथ्वीकडे येतो त्याला हवा बऱ्याच अंशी वाट करून देते. त्यातील मोठा हिस्सा पृथ्वीच्या पाठीवर, आणि त्या पाठीचा सत्तर टक्क्यांहून अधिक भाग पाण्याने व्यापलेला असल्यामुळे मुख्यत्वेकरून सागरात, शोषला जातो, आणि तेथून मग वाफेच्या, उष्ण हवेच्या आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रारणाच्या वाटेने तो वातावरणाच्या स्वाधीन होतो. सागराची उष्णता साठवण्याची शक्ती एवढी प्रचंड आहे, की त्याच्या अगदी वरच्या अडीच-तीन मीटर जाडीच्या थराची जी कुवत, तीच त्याच्यावरील अवघ्या वातावरणाची. आणि गेल्या अर्धशतकात मानवी उद्योगांमुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता साचली, तिच्यापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक सागराच्याच पोटात गेलेली आहे. मोसमी पावसाचा विचार करा, चक्रीवादळाचा करा, नाही तर शंभर वर्षांनंतरच्या हवामानाचा करा. अखेरीस सागर आणि हवा यांच्या या देवघेवीपाशीच येऊन थांबावे लागते. आणि तरीही ज्या नकाशांवर ही देवघेव रंगांच्या छटांनी दाखविलेली असते, त्यांवरील आकडे जवळजवळ सर्वत्र अनुमानाने काढलेले असतात. प्रत्यक्ष मोजलेले आकडे फार थोड्या ठिकाणचे आणि फार थोड्या काळाचे आहेत. त्याहून चिंतेची गोष्ट अशी, की या अनुमानांतील तफावत ही आपण जिच्या शोधात आहोत त्या राशीहून कितीतरी पट मोठी आहे. ती का मोठी आहे, ती कमी करण्यासाठी आजवर काय झाले आणि आपल्या अरबी समुद्राच्या बाबतीत हा प्रश्न कोठवर आला आहे, एवढे पाहण्याचा येथे हेतू आहे.

या व्यवहाराची खाती चार. पहिले सूर्यप्रकाशाचे, आणि जमेचे असे हे एकटेच: सगळे सागर आणि सगळे ऋतू यांची सरासरी धरली तर दर चौरस मीटरला अदमासे १७० वॅट सागरात मुरतात. उरलेली तीन खर्चाची. सागर स्वतः जे अवरक्त प्रारण वर फेकतो आणि ढग व वाफ जे खाली परत पाठवितात, त्यांच्या वजाबाकीतून पन्नासाच्या आसपास वॅट निघून जातात. पाण्याहून थंड असलेल्या हवेला नुसत्या स्पर्शाने जी संवेद्य उष्णता मिळते ती पंधरा वॅटच्या घरातली. आणि सर्वांत मोठा खर्च बाष्पीभवनाचा, म्हणजे सुप्त उष्णतेचा, तो सुमारे शंभर वॅट. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ होण्यास जवळजवळ पंचवीस लाख ज्यूल उष्णता लागते, आणि ती वाफ हजारो किलोमीटर दूर जाऊन तिचे पुन्हा थेंब होतील तेव्हाच ती उष्णता हवेला प्राप्त होते. म्हणून हे खाते केवळ उष्णतेचे नाही, पावसाचेही आहे, आणि रोज साडेतीन मिलिमीटर पाणी उडणे म्हणजे शंभर वॅट खर्च होणे, असा दोन्हींचा सरळ मेळ आहे.

वरचे आकडे ढोबळ आहेत; या चार रकमांची नेमकी बेरीज-वजाबाकी केली म्हणजे बाकी उरते ती एक वॅटच्या आसपास. पृथ्वी तापते आहे याचा अर्थच हा, की सागराच्या खात्यावर दरसाल एवढी शिल्लक पडते आहे. शंभर-दीडशेच्या रकमांतून एकाची शिल्लक अचूक काढावयाची, तर प्रत्येक रकमेचा हिशेब अर्ध्या टक्क्याच्या आत बरोबर असावयास हवा. आणि वस्तुस्थिती अशी, की १९९९ साली साउदॅम्प्टन येथील शास्त्रज्ञांनी जहाजांवरील लक्षावधी नोंदी एकत्र करून, मोठ्या साक्षेपाने दुरुस्त करून, साऱ्या सागरांचा ताळेबंद मांडला तेव्हा सागराच्या जमेस सुमारे तीस वॅट फाजील पडले. तेवढी उष्णता खरोखर शिल्लक राहती तर सागर केव्हाच ओळखू येईनासा झाला असता. दहा वॅटची चूक म्हणजे काय, याचा अंदाज एका साध्या गणिताने येतो: वरच्या पन्नास मीटर थरात दहा वॅट वर्षभर जादा जिरले, तर त्या थराचे तापमान दीड अंशाने चढेल. आणि तरी एखाद्या ठिकाणचा वार्षिक ओघ दहा वॅटच्या आत बरोबर काढणे, हेच या शास्त्राने अनेक वर्षे आपले उद्दिष्ट मानले, आणि तेवढे साधणेही कठीण ठरले आहे.

हा प्रश्न पहिल्याने अंकांत घातला तो एडमंड हॅली याने. धूमकेतूमुळे ज्याचे नाव सर्वतोमुखी झाले त्याच या खगोलशास्त्रज्ञाने १६८७ मध्ये एका पसरट भांड्यात खारे पाणी घेतले, ते उन्हाळ्यातील हवेइतके कोमट ठेवले, भांडे तराजूला टांगले, आणि दोन तासांत किती वजन घटते ते पाहिले. त्यावरून त्याने भूमध्य समुद्रातून दर दिवशी ५२८ कोटी टन पाण्याची वाफ होत असावी असा हिशेब केला, त्याच्याशेजारी त्या समुद्रास मिळणाऱ्या नद्यांचे पाणी मांडले, आणि नद्यांची भर उडून जाणाऱ्या पाण्याला पुरत नाही असे दाखवून दिले. जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीतून अटलांटिकचे पाणी सतत आत का वाहते, या कोड्याशी त्याचा हा हिशेब बांधलेला होता. त्याने वारा वगळला होता, आणि वारा पाणी अधिक वेगाने उचलून नेतो हे त्याने स्वतःच नमूद करून ठेवले होते. या प्रश्नाचा पुढचा सव्वातीनशे वर्षांचा इतिहास म्हणजे त्या वगळलेल्या वाऱ्याला हिशेबात कसे आणावे याचा इतिहास होय.

जॉन डाल्टनने १८०२ मध्ये बाष्पीभवनाचे सूत्र सांगितले: पाण्यालगतच्या हवेतील वाफेचा दाब आणि वरच्या हवेतील वाफेचा दाब यांत जेवढे अंतर, त्या प्रमाणात पाणी उडते, आणि वाऱ्याने ते प्रमाण वाढते. पण वारा वाफेला वर कसा नेतो? १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाल्यावर पुढच्या वर्षी न्यूफाउंडलंडनजीक हिमनगांवर पहारा ठेवण्यासाठी ‘स्कोशिया’ नावाचे जहाज पाठविण्यात आले, आणि त्यावर हवामानज्ञ म्हणून जी. आय. टेलर गेला. त्याने पतंगांना उपकरणे बांधून ती समुद्रावरील धुक्यात व धुक्याच्या वर चढविली, आणि थंड पाण्यावरून वाहणारी हवा किती उंचीपर्यंत निवते हे पाहून असा निष्कर्ष काढला, की उष्णतेची ही उंचावरील वाहतूक रेणूंच्या मंद सरमिसळीने होणे अशक्य. ती हवेतील लहानमोठ्या भोवऱ्यांचीच करणी असली पाहिजे. एका भीषण अपघातातून निघालेल्या या सफरीने संक्षोभाच्या शास्त्राचा पाया घातला. पुढे १९२६ मध्ये बोवेनने संवेद्य आणि सुप्त उष्णता यांचे गुणोत्तर मांडले, १९५४ मध्ये मोनिन आणि ओबुखोव्ह या सोव्हिएट शास्त्रज्ञांनी पृष्ठभागालगतच्या क्षुब्ध हवेचा सर्वसाधारण सिद्धांत दिला, आणि १९५५ मध्ये चार्नोकने वारा आणि लाटांचा खडबडीतपणा यांचा संबंध जुळविला.

या सगळ्यातून जे व्यवहार्य सूत्र हाती आले, त्याचे रूप आजही डाल्टनचेच आहे: वाऱ्याचा वेग, गुणिले पाण्यालगतच्या आणि दहा मीटर उंचीवरच्या हवेतील आर्द्रतेचे अंतर, गुणिले एक गुणांक. तो गुणांक एक-सहस्रांशाहून थोडा अधिक असतो, आणि सारा वाद त्याच्या दुसऱ्या अंकाविषयी आहे. अरबी समुद्रातील एखादा दिवस घ्या. पाणी २८ अंश, हवा २७ अंश, सापेक्ष आर्द्रता ऐंशी टक्के, वारा सेकंदाला आठ मीटर. पाण्यालगतची हवा त्या तापमानाला वाफेने भरलेली मानायची, मात्र मीठ विरघळलेले असल्यामुळे तीतून दोन टक्के वाफ कमी धरायची. हिशेब केला म्हणजे सुमारे दीडशे वॅट सुप्त उष्णता बाहेर पडते, म्हणजे दिवसाला पाच मिलिमीटरहून थोडे अधिक पाणी उडते, असे निघते. आता याच हिशेबात पाण्याच्या तापमानाची नोंद एका अंशाने चुकली असे समजा: सुप्त आणि संवेद्य मिळून उत्तर चाळीस-पन्नास वॅटने बदलेल. अर्ध्या अंशाची चूक वीस-पंचवीस वॅट खाऊन टाकते. या सूत्रात गणित सोपे आणि नोंद अवघड आहे.

ती नोंद शतकभर कशी होत होती, हे जवळून पाहण्यासारखे आहे. खलाशी दोराला बांधलेली बादली समुद्रात सोडीत, पाणी वर ओढून घेत, आणि तीत तापमापक बुडवून वाचन करीत. बादली लाकडाची असेल तर पाण्याची उष्णता टिकून राही. पण कॅनव्हासची असेल तर तिच्या ओल्या अंगावरून वारा वाहून डेकवर पोचेपर्यंतच पाणी निवू लागे, आणि वाचन करणारा रेंगाळला तर ते आणखी निवे. आगबोटी मोठ्या झाल्या तसे इंजिन थंड ठेवण्यासाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान नोंदविण्याची रीत पडली. ते पाणी काही मीटर खोलीवरचे, आणि इंजिनघराच्या उबेत नळाने आलेले, म्हणून थोडे चढेच भरे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दप्तरी आलेल्या नोंदींपैकी बहुतेक अमेरिकी जहाजांच्या, म्हणजे इंजिनाच्या पाण्याच्या होत्या; युद्ध संपताच ब्रिटिश जहाजांच्या बादल्या परत आल्या, आणि १९४५ साली सगळ्या जगाचा सागर एकाएकी थंड झाल्याचे कागदावर दिसले. ही तफावत रीतीतली आहे, समुद्रातली नव्हे, हे २००८ पर्यंत स्पष्टपणे कोणी दाखवून दिले नव्हते. वाऱ्याची गत याहून वेगळी नाही. त्याचा वेग पुष्कळदा लाटांकडे नुसत्या डोळ्यांनी पाहून ब्यूफोर्टच्या मापश्रेणीत लिहिला जाई, आणि ढगांचे प्रमाण आकाशाच्या अष्टमांशांत अदमासाने टिपून त्यावरूनच सूर्यप्रकाशाचा व अवरक्त प्रारणाचा हिशेब करावा लागे. शिवाय जहाजे जातात ती व्यापाराच्या मार्गांनी: मुंबई ते एडन या वाटेवर नोंदींची दाटी, आणि दक्षिण महासागरात हजारो चौरस किलोमीटर रिकामे, वादळ दिसले की कप्तान वाट बदलणार, म्हणून जेथे व्यवहार सर्वांत जोराचा तेथलीच नोंद नाही. असे असूनही या नोंदी ठेवणाऱ्यांविषयी मला नितांत आदर वाटतो. १८५३ मध्ये अमेरिकी नौदल अधिकारी मोरी याच्या पुढाकाराने ब्रुसेल्स येथे सागरी राष्ट्रांची परिषद भरून नोंदींचा जो एक नमुना ठरला, त्याबरहुकूम पिढ्यान् पिढ्या खलाशांनी दर पाळीला, थंडीवाऱ्यात, कोणतीही जबरदस्ती नसता हे आकडे लिहून ठेवले नसते, तर एकोणिसाव्या शतकातील सागराविषयी आपल्याला जवळजवळ काहीच कळले नसते.

अनुमानाची खात्री करावयाची तर केव्हा तरी प्रत्यक्ष मोजणे भाग होते. त्याची कल्पना सरळ आहे. हवेचा लहानसा झोत वर जातो तेव्हा तो सरासरीपेक्षा किंचित दमट व उष्ण असतो, खाली येतो तेव्हा किंचित कोरडा व थंड असतो. प्रत्येक क्षणीचा उभा वेग आणि त्याच क्षणीची आर्द्रता यांचा गुणाकार करीत जावे, आणि अर्ध्याएक तासाची सरासरी काढावी, की वाफेचा खराखुरा ओघ मिळतो. स्विनबँकने १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियात जमिनीवर ही रीत वापरून दाखविली. समुद्रावर मात्र ती नेणे म्हणजे दिव्यच. ध्वनिलहरींवर चालणारा वायुवेगमापक सेकंदाला दहा-वीस वेळा वाऱ्याचे तिन्ही घटक टिपतो. पण ज्या डोलकाठीवर तो बसवलेला असतो तीच लाटांबरोबर वर-खाली आणि डावी-उजवीकडे हलत असते, आणि तिचा वेग मोजावयाच्या उभ्या वाऱ्याहून पुष्कळदा अधिक भरतो. म्हणून जहाजाच्या हालचालीचीही तितक्याच सूक्ष्मतेने नोंद घेऊन ती प्रत्येक क्षणी वजा करावी लागते. त्यात जहाजाचा सांगाडा वारा अडवून त्याला वर वळवितो. आर्द्रतामापकाच्या काचेवर मिठाचा थर बसतो. प्रारणमापकाच्या घुमटावर पक्षी येऊन बसतात. यावर तोडगा म्हणून स्क्रिप्स संस्थेने १९६२ मध्ये ‘फ्लिप’ नावाचा एक विलक्षण मंच पाण्यात उतरविला. सुमारे १०८ मीटर लांबीचा हा पोकळ सांगाडा आडवा ओढून नेत, इच्छित ठिकाणी त्याच्या टाक्यांत पाणी भरीत, आणि मग तो उभा होऊन त्याचा बहुतेक भाग पाण्याखाली जाई; लाटांचा परिणाम पोचत नाही इतक्या खोल त्याचे पाय असल्यामुळे वरचा भाग जवळजवळ निश्चल राही. साठ वर्षे सेवा करून तो २०२३ मध्ये निवृत्त झाला.

या दिशेने मोठी मजल मारली गेली ती १९९२-९३ च्या हिवाळ्यात, पश्चिम प्रशांत महासागरातील सर्वांत उष्ण पाण्याच्या प्रदेशात. ‘टोगा कोअर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या मोहिमेत अनेक देशांची जहाजे, विमाने आणि नांगरलेले बोये चार महिने एकत्र राबले. तेथे वारा मंद आणि सूर्य प्रखर, त्यामुळे आजवर उपेक्षिलेल्या दोन गोष्टी ठळकपणे पुढे आल्या. पहिली अशी, की सागराच्या अगदी वरच्या, एक मिलिमीटरहूनही पातळ अशा पापुद्र्याचे तापमान, तो सतत उष्णता बाहेर टाकीत असल्यामुळे, खालच्या पाण्याहून ०.२ ते ०.३ अंशांनी कमी असते. आणि हवेशी व्यवहार करतो तो हाच पापुद्रा. दुसरी अशी, की वारा पडलेला असेल तेव्हा दुपारी वरचा पाण्याचा थर दोन-तीन अंशांनीही तापू शकतो, आणि मीटरभर खाली बसवलेल्या तापमापकाला त्याची पुरती दादही लागत नाही. या दोहोंचा विचार करणारे जे गणिती सूत्र फेअरॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केले व २००३ मध्ये सुधारले, ते आज जगभर प्रमाण मानले जाते. वारा सेकंदाला दहा मीटरच्या आत असेल तर ते सुमारे पाच टक्के, आणि वीस मीटरपर्यंत दहा टक्के, इतक्या मर्यादेत खरे उतरते असा त्यांचा दाखला आहे. माझ्या मते गेल्या शतकातील या क्षेत्रातले सर्वांत उपकारक काम हेच. कारण सूत्रावरचा वाद त्याने बऱ्याच अंशी मिटविला, आणि दोष आता मुख्यत्वे नोंदींच्या अभावात आहे हे उघड केले.

आता अरबी समुद्राकडे वळू. महाराष्ट्र आणि गोवा यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही. सह्याद्रीवर कोसळणारे पाणी कोठून येते, हाच तो प्रश्न आहे. १९६० च्या सुमारास आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम सुरू झाली. तिचे हवामानविषयक केंद्र मुंबईत कुलाबा येथे थाटण्यात आले, भारतीय नौदलाचे ‘कृष्णा’ हे जहाज सफरींवर निघाले, आणि तिच्याच फलस्वरूप १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, जिचे ठाणे पुढे गोव्यात दोना पावला येथे कायम झाले. पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे पहिले संचालक पी. आर. पिशारोटी यांनी या मोहिमेची सामग्री घेऊन १९६५ मध्ये एक निष्कर्ष मांडला, आणि त्याने मोठी खळबळ उडाली: भारताचा पश्चिम किनारा ओलांडून जी वाफ आत येते ती विषुववृत्त ओलांडून येणाऱ्या वाफेपेक्षा बरीच अधिक आहे, अर्थात पावसाचे बहुतेक पाणी अरबी समुद्रातूनच उडालेले असले पाहिजे. तोवर दक्षिण गोलार्धातून येणारा वारा पाणी घेऊन येतो अशी सर्वसाधारण समजूत होती. पिशारोटींच्या मताप्रमाणे अरबी समुद्र हा केवळ वाट नसून उगम ठरत होता.

पण १९६९ मध्ये फिंडलेटरने दाखवून दिले, की विषुववृत्ताजवळ हा वारा साऱ्या रुंदीभर सारखा वाहत नाही. आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत, जमिनीपासून फार उंचावर नसलेला, एक अरुंद आणि अत्यंत वेगवान झोत त्यातील फार मोठा भाग वाहून आणतो. विरळ वेधांच्या जाळ्यातून असा झोत निसटणे सहज शक्य होते, आणि तो निसटला की विषुववृत्तापलीकडचा हिस्सा कमीच भरणार. १९७३ मध्ये पुण्याच्याच संस्थेतील साहा आणि बावडेकर यांनी हिशेब नव्याने मांडला, तेव्हा पारडे पुन्हा दक्षिण गोलार्धाकडे झुकले. १९७३ व १९७७ च्या भारत-सोव्हिएट मोहिमा आणि १९७९ ची ‘मोनेक्स’ यांच्या सामग्रीनेही मोठा हिस्सा तिकडूनच येतो या मताला बळकटी दिली. पिशारोटींचा आकडा टिकला नाही, परंतु प्रश्न त्यांनीच विचारला होता, आणि तो नेमका विचारला होता: वाटेत समुद्र किती भर घालतो? हे उत्तर वर्षावर्षाला बदलते, आणि ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी ते कसे होते, हे जाणण्याची गरज आजही तेवढीच निकडीची आहे. २००२ च्या जुलैमध्ये देशात सरासरीच्या निम्म्याच्या आसपासच पाऊस झाला. त्याच उन्हाळ्यात ‘आर्मेक्स’ मोहिमेचे जहाज ‘सागर कन्या’ अरबी समुद्रात वेध घेत होते.

अरबी समुद्राचे दुसरे कोडे त्याच्या थंड होण्याचे. मे महिन्यात त्याचे पाणी तीस अंशांच्या आसपास असते. मोसमी वारे सुरू झाले की ऑगस्टपर्यंत ते काही अंशांनी उतरते, आणि त्याच वेळी सूर्य मात्र जवळजवळ डोक्यावर असतो. एवढी उष्णता जाते कोठे? जोराचा वारा भरपूर पाणी उडवून ती हवेत नेतो, हे उत्तर स्वाभाविक होते, आणि जुन्या नकाशांतील काहींनी मोसमाच्या महिन्यांत समुद्राला तोटाच दाखविला होता. ऑक्टोबर १९९४ ते ऑक्टोबर १९९५ या वर्षात वुड्स होल संस्थेच्या वेलर यांनी ओमानच्या किनाऱ्यापासून दूर, सुमारे चार हजार मीटर खोल पाण्यात एक पूर्ण सुसज्ज बोया नांगरला, आणि त्याने वर्षभर दर काही मिनिटांनी वारा, आर्द्रता, दोन्ही प्रारणे, पाऊस आणि पाण्याखालील तापमान यांची नोंद ठेवली. निष्पन्न असे झाले, की ऐन नैर्ऋत्य मोसमातही तेथील समुद्र पृष्ठभागावरून एकंदरीत उष्णता मिळवीतच होता. वारा प्रचंड होता खरा, पण हवा इतकी दमट होती की वाफेला जागाच थोडी होती. पाणी निवत होते ते खालून वर आलेल्या थंड पाण्यामुळे आणि किनाऱ्याकडून वाहत आलेल्या प्रवाहांमुळे. एका ठिकाणच्या एका वर्षाच्या नेटक्या मोजणीने अनेक दशकांच्या नकाशांतील खात्यांचे चिन्हच बदलून टाकले.

बंगालच्या उपसागराची तऱ्हा निराळी आहे. तेथे गंगा-ब्रह्मपुत्रेचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे पसरते, उष्णता त्यातच अडकून राहते, आणि म्हणून तोच ओघ तेथील पृष्ठभाग अधिक झपाट्याने तापवितो किंवा निववितो. १९९९ च्या ‘बॉबमेक्स’ मोहिमेने आणि डिसेंबर २०१४ पासून वर्षभर अठरा अंश उत्तर अक्षांशावर राहिलेल्या बोयाने त्याचा चांगला तपशील पुरविला आहे.

हिंदी महासागरात २००४ पासून ‘रामा’ नावाची बोयांची साखळी उभी राहत आहे, आणि चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचे बोये तिला जोड देतात. पण पश्चिम भागातील काही ठिकाणे सोमाली चाच्यांच्या उपद्रवामुळे दीर्घकाळ रिकामी राहिली, आणि बोयाभोवती मासळी जमते म्हणून त्याला नौका बांधणे, जाळे अडकणे, उपकरणे मोडणे हे सर्वत्रच चालते. याविषयी मच्छीमारांना नुसता दोष देऊन भागणार नाही. त्यांच्या भल्याचाच आकडा त्या बोयावर तयार होतो, हे त्यांच्या बंदरात जाऊन त्यांच्या भाषेत सांगितले गेले पाहिजे.

उपग्रहांनी रिकाम्या जागा भरून काढल्या, हे निर्विवाद. १९८७ पासूनचे सूक्ष्मतरंगमापक, आणि लाटांच्या खडबडीतपणावरून वारा वाचणारे प्रकीर्णनमापक, ज्यांत भारताच्या २००९ च्या ओशनसॅट-२ आणि २०१६ च्या स्कॅटसॅट-१ यांचाही समावेश आहे, यांच्यामुळे दक्षिण महासागराच्या वाऱ्याचाही आज रोजचा हिशेब मिळतो. पण सूत्राला जी हवी असते ती पृष्ठभागापासून दहा मीटरवरच्या हवेची आर्द्रता आणि तापमान; आणि उपग्रहाला दिसते ती साऱ्या जाडीच्या हवेची गोळाबेरीज. तिच्यातून खालचे दहा मीटर वेगळे काढणे पुन्हा अनुमानाचेच काम. म्हणून बोयांशी ताडून पाहिलेल्या संचांवरच माझा भर राहील. दोना पावलाच्या संस्थेतील आणि फ्रान्समधील शास्त्रज्ञांनी मिळून २०१२ मध्ये ‘ट्रॉपफ्लक्स’ नावाचा उष्ण कटिबंधाचा जो संच सिद्ध केला, तो याच रीतीने, नांगरलेल्या बोयांच्या नोंदींशी रुजवात घालून दुरुस्त केलेला आहे.

ताळेबंदाची फेरतपासणी करण्याचा आणखी एक मार्ग या शतकाने दिला. आर्गो योजनेचे जवळजवळ चार हजार तरंगते मापक साधारण दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीवरून वर येऊन पाण्याचे तापमान व क्षारता कळवितात. सागरात किती उष्णता साठली, हे त्यांवरून थेट कळते, आणि उपग्रहांनी वातावरणाच्या माथ्यावर मोजलेल्या प्रारणाच्या शिलकीशी ते चांगले जुळते. तेव्हा एकंदर बाकी आता खात्रीची आहे. मात्र ती कोणत्या समुद्रात, कोणत्या महिन्यात, कोणत्या वाटेने आली, हे पृष्ठभागावरील मोजणीवाचून कळणार नाही. आणि शेतकऱ्याला व मच्छीमाराला गरज असते ती याच तपशिलाची.

सर्वांत अंधुक भाग वादळांचा. चक्रीवादळ जगते ते सागरातून उचललेल्या सुप्त उष्णतेवर, आणि तेथेच आपले सूत्र डळमळते. वारा सेकंदाला तीस मीटरच्या पलीकडे गेला म्हणजे लाटांची शिखरे फुटून फेस आणि तुषार यांनी हवा व पाणी यांच्यामधील सीमाच पुसट होते; २००३ मध्ये पॉवेल आणि सहकाऱ्यांनी दाखविले, की सुमारे तेहतीस मीटरच्या वर पाण्याचे वाऱ्याला होणारे घर्षण, आधीच्या कल्पनेविरुद्ध, वाढेनासे होते. त्याच वर्षी अमेरिकी विमाने वादळांत शिरून खालच्या हवेतील ओघ मोजून आली, आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ‘सॅम’ नावाच्या वादळात एक निर्मनुष्य शिडाची नौका शिरली व तिने आतील वाऱ्यालाटांचे वेध आणि छायाचित्रण बाहेर पाठविले. उडालेले तुषार किती उष्णता नेतात आणि परत पाण्यात पडताना किती परत आणतात, हे अद्याप नक्की ठरलेले नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ मुंबईसमोरून गेले तेव्हा तेलक्षेत्रातील बुडालेल्या तराफ्यावर अनेक कामगारांचे प्राण गेले; त्यामुळे अरबी समुद्राच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांना हा तुषारांचा प्रश्न परका राहिलेला नाही.

मोहिमा पुष्कळ झाल्या. त्यांतून सूत्रे मिळाली, माणसे तयार झाली. पण ज्याची उणीव सर्वांत जाणवते ते म्हणजे अखंडपणे राखलेले ठाणे. चिलीच्या पश्चिमेस २००० पासून आणि हवाईजवळ २००४ पासून वुड्स होलने असे एकेक ठाणे राखले आहे. तेथे साधारणतः वर्षाकाठी जुना बोया वर काढण्यापूर्वी नवा त्याच्या शेजारी नांगरतात, दोघांच्या नोंदी काही दिवस समोरासमोर ताडून पाहतात, जहाजावरील तिसऱ्या उपकरणांशी त्यांचा मेळ घालतात, आणि उतरवलेले प्रत्येक उपकरण प्रयोगशाळेत नेऊन वर्षभरात ते किती ढळले हे पारखून मगच आकडे प्रसिद्ध करतात. या कामाला गाजावाजा नाही, आणि वीस वर्षांचा खर्च एकदम मंजूर करून घेणे कोणत्याही सरकारी दप्तरात सोपे नाही. तरीही अरबी समुद्राच्या मध्यभागी, मोसमी वाऱ्याच्या झोताखाली, एवढ्याच कसोशीने राखलेला एक बोया असावा. त्याची तजवीज करण्याइतकी जहाजे, यंत्रशाळा आणि जाणती माणसे गोवा, चेन्नई आणि पुणे मिळून आज आपल्यापाशी आहेत. ओढीच्या आणि अतिवृष्टीच्या वर्षांतील जुलै महिने त्याच्या नोंदींत एकापुढे एक साठत गेले, तर समुद्र वाटेत किती भर घालतो या पिशारोटींच्या प्रश्नाला वर्षावार, मोजलेले उत्तर देता येईल.